फाइल उडाली, पण नेमके काय उडाले?

एका संस्थेत वार्षिक अहवालाचे काम सांभाळणाऱ्या वाचकाचे हे पत्र आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे. त्या दिवशी पत्रलेखकाने तीन दस्तऐवज एकाच वेळी उघडे ठेवले होते: अहवालाचा मुख्य मजकूर, आकडेवारीचा तक्ता आणि सहकाऱ्यांशी झालेल्या चर्चांच्या नोंदींची एक नवी फाइल, जिला अद्याप नाव दिलेले नव्हते. साडेतीन तास काम झाल्यावर सॉफ्टवेअर अचानक बंद पडले. ते पुन्हा सुरू केल्यावर परत मिळू शकणाऱ्या दस्तऐवजांची यादी पडद्यावर आली. घाईत उघडलेला अहवाल थोडा जुना निघाला आणि तक्ता जसाच्या तसा मिळाला. तिसऱ्या ओळीत नुसते ‘अनटायटल्ड’ दिसल्याने ती फाइल रिकामी असणार असे समजून पत्रलेखकाने ती काढून टाकली. आपण काय घालवले, हे संध्याकाळी लक्षात आले. पत्रात विचारले आहे, ‘ऑटोसेव्ह चालू होते, तरी माझे काम गेले, मग विश्वास ठेवायचा कशावर? एक सहकारी विकतचे रिकव्हरी सॉफ्टवेअर घ्यायला सांगतो आहे, ते घ्यावे का? हा प्रोग्रॅमच सोडून द्यावा का? आणि वरिष्ठांना हे सांगावे, की दोन रात्री जागून गुपचूप सगळे पुन्हा लिहून काढावे?’

आपले पत्र मिळाले त्याच दिवशी त्यातील तातडीच्या दोन गोष्टी मी आपल्याला थेट कळवल्या होत्या. अशा प्रसंगात सापडणाऱ्या इतरांनाही त्या उपयोगी पडतील, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

पहिली गोष्ट अशी की, हरवलेला मजकूर संगणकात शोधण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि त्या नोंदींतील जे जे आठवते ते हाताने लिहून काढावे. पूर्ण वाक्ये लिहू नयेत. मुद्दे, आकडे, कोण काय म्हणाले याची खूण, कोणत्या मुद्द्यानंतर कोणता आला याचा क्रम, एवढेच पुरे. साडेतीन तास जो मजकूर आपल्या डोक्यात घोळत होता, त्याची एक प्रत आपल्या स्मरणात असतेच आणि सगळ्या प्रतींमध्ये तीच सर्वांत लवकर विरते. संध्याकाळभर फोल्डर धुंडाळण्यात गेली की दुसऱ्या दिवशी फाइलही मिळत नाही आणि मुद्देही आठवत नाहीत, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. मी कागदच का सुचवते, यालाही कारण आहे. ज्या डिस्कवरून काही परत मिळवायचे आहे, तिच्यावर त्या काळात जितके कमी नवे लिहिले जाईल तितके चांगले.

दुसरी गोष्ट म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये कधीही सेव्ह न केलेल्या दस्तऐवजांच्या तात्पुरत्या प्रती साधारणपणे चार दिवसच राखल्या जातात. म्हणून हा शोध आठवड्याच्या शेवटी निवांत घेऊ, असे म्हणून चालत नाही.

आता आपल्या पत्रातील त्या वाक्याकडे वळते, ज्यामुळे मला हे उत्तर सविस्तर लिहावेसे वाटले. ‘ऑटोसेव्ह चालू होते, तरी काम गेले’ असे आपण म्हणता. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडे जे चालू होते ते ऑटोसेव्ह नव्हते, ऑटोरिकव्हर होते. नावे इतकी सारखी आहेत की हा घोळ होणे अगदी स्वाभाविक आहे, पण दोन्हींचे काम वेगळे आहे. आपण टंकलेखन करत असतो तेव्हा मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. आपण ‘सेव्ह’ म्हणतो तेव्हा तो डिस्कवरच्या आपल्या फाइलमध्ये उतरतो. ऑटोरिकव्हर आपल्या फाइलला हात लावत नाही. ते ठरावीक अंतराने उघड्या दस्तऐवजाची एक वेगळी, आडबाजूची प्रत दुसऱ्याच फोल्डरमध्ये ठेवते, आणि प्रोग्रॅम कोसळला तर पुढच्या वेळी ती प्रत आपल्यापुढे धरते. वर्डमध्ये आणि लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये हे अंतर मुळात १० मिनिटांचे ठेवलेले असते. आपला अहवाल ‘थोडा जुना’ निघाला, त्याचा अर्थ एवढाच की शेवटची प्रत घेतली गेल्यानंतर आपण जे लिहिले ते त्या प्रतीत असणे शक्यच नव्हते. आपण दस्तऐवज रीतसर बंद केला की ही प्रत आपले काम संपले असे मानून पुसली जाते. म्हणजे ही अपघातानंतर आधार देणारी सोय आहे, तिच्यावर जतन करण्याची जबाबदारी टाकता येत नाही. खऱ्या अर्थाने आपोआप सेव्ह करणारी सोयही, म्हणजे ऑटोसेव्ह, असते, पण मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीवर असेल तरच चालते. खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातील तिचे बटण चालू आहे की बंद, हे प्रत्येक फाइल उघडताना डोळ्यांनी पाहावे लागते.

यावरून पुढचा प्रश्न येतो तो त्या यादीचा. आपण स्वतःला बराच दोष दिला आहे, पण माझ्या मते आपली चूक निष्काळजीपणाची नव्हती, वाचनाची होती. ती यादी समोर येते त्या क्षणी माणूस घाबरलेला असतो आणि शक्य तितक्या लवकर कामाला लागायचे असते. नेमक्या त्याच क्षणी तिथे सर्वांत सावकाश वागणे आवश्यक असते. वर्डमध्ये डाव्या बाजूला उघडणाऱ्या पट्टीत एकाच दस्तऐवजाच्या एकाहून अधिक प्रती दिसू शकतात. त्यातली एखादी आपण स्वतः शेवटी सेव्ह केलेली मूळ प्रत असते आणि दुसरी ऑटोरिकव्हरने घेतलेली असते. प्रत्येकीसमोर वेळ लिहिलेली असते आणि ती वेळच आपल्याला सर्वाधिक काही सांगते. ‘अनटायटल्ड’ किंवा ‘डॉक्युमेंट’ आणि पुढे आकडा, असे नाव दिसले तर ती फाइल रिकामी आहे असा निष्कर्ष काढू नये; उलट ती सर्वांत आधी उघडावी. ज्या दस्तऐवजाला नाव नाही, त्याची डिस्कवर दुसरी कोणतीही प्रत नाही. अहवालाची रिकव्हरी प्रत गेली असती तरी आपल्याकडे निदान दुपारची फाइल राहिली असती. बिननावाच्या फाइलच्या मागे तसे काहीच नसते.

म्हणून अशी यादी समोर आली की एकेक ओळ उघडावी, वाचून पाहावी आणि जी प्रत उघडली ती लगेच नव्या नावाने सेव्ह करावी, जुन्या नावावर नाही. ‘अहवाल’ या फाइलवरच रिकव्हर केलेली प्रत लिहिली आणि नंतर कळले की मूळ फाइलमध्ये एक परिच्छेद अधिक चांगला होता, तर परतीची वाट आपणच बंद केलेली असते. दोन्ही प्रती हाती असल्या की वर्डच्या ‘रिव्ह्यू’ या भागातील ‘कंपेअर’ आणि लिबरऑफिसच्या ‘एडिट’ यादीतील ‘ट्रॅक चेंजेस’खाली असलेले ‘कंपेअर डॉक्युमेंट’ त्यांच्यातील फरक दाखवून देते. चाळीस पानांचा अहवाल डोळ्यांनी ताडून पाहण्याची गरज पडत नाही. सगळ्या ओळी पाहून होण्याआधी वर्डची ती पट्टी बंद केली, तर या फाइल नंतर पाहायच्या आहेत की काढून टाकायच्या आहेत असे विचारले जाते. तिथे ‘नंतर पाहायच्या आहेत’ हेच उत्तर द्यावे. लिबरऑफिसच्या खिडकीत सगळे टाकून देण्याचे बटण हाताशीच असते, त्याला प्रत्येक दस्तऐवज तपासून होईपर्यंत हात लावू नये.

आता आपल्या तिसऱ्या फाइलचा शोध. आपण कोणता प्रोग्रॅम वापरता हे पत्रात नाही, म्हणून दोन्ही वाटा सांगते. वर्ड किंवा एक्सेल असेल तर ‘फाइल’, मग ‘इन्फो’, मग ‘मॅनेज डॉक्युमेंट’ अथवा ‘मॅनेज वर्कबुक’ येथे सेव्ह न केलेले दस्तऐवज परत मिळवण्याचा पर्याय असतो. तो उघडला की तात्पुरत्या प्रतींचे फोल्डर समोर येते. याशिवाय ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या पानावर ऑटोरिकव्हरच्या फाइल कुठे ठेवल्या जातात तो पत्ता लिहिलेला असतो. त्या फोल्डरमध्ये जाऊन तारखेप्रमाणे क्रम लावावा आणि त्या दुपारच्या वेळेची फाइल दिसते का ते पाहावे. वर्डच्या अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एएसडी’ ही अक्षरे असतात. लिबरऑफिसमध्ये ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’ आणि त्यातील ‘पाथ्स’ या पानावर बॅकअपच्या फोल्डरचा पत्ता मिळतो. तिथेही बिननावाच्या दस्तऐवजाची प्रत ‘अनटायटल्ड’ने सुरू होणाऱ्या नावाने राहिलेली असू शकते. मात्र आपण यादीतून ती स्वतः काढून टाकलेली असल्याने तिथे ती न मिळण्याचीच शक्यता अधिक आहे, हे मनाची तयारी असावी म्हणून आताच सांगून ठेवते.

शोधण्याची आणखी एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही. विंडोजमध्ये क्लिपबोर्डचा, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता ठेवला जातो त्या जागेचा, इतिहास चालू केलेला असेल तर विंडोजची कळ आणि ‘व्ही’ एकत्र दाबल्यावर कॉपी केलेले शेवटचे २५ तुकडे दिसतात. आपण नोंदींतून अहवालात काही परिच्छेद उचलून नेले असतील तर ते इथे सापडू शकतात. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की हा इतिहास, पिन करून ठेवलेले तुकडे सोडून, पुसला जातो. आपला फक्त प्रोग्रॅम कोसळला होता, संगणक नाही, म्हणून या जागेचा उल्लेख मी त्या दिवशीच केला होता. त्याचप्रमाणे कुणाला नोंदींचा एखादा भाग ईमेलने पाठवला होता का, एखादे पान छापून पाहिले होते का, हेही आठवून पाहावे. आणि ज्या वाचकांनी ईमेलला जोडून आलेली फाइल थेट तिथूनच उघडून तिच्यात काम केले आणि मग ती ‘नाहीशी’ झाली, त्यांनी तो मजकूर ईमेलच्या प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये शोधावा. अशा वेळी सेव्ह केलेले काम बहुधा तिथे गेलेले असते.

या सगळ्या शोधाला किती वेळ द्यावा? माझे स्पष्ट मत आहे की एक तास, फार तर दोन. त्यानंतरचा प्रत्येक तास पुन्हा लिहिण्याच्या तासांतून वजा होतो, आणि आठवणीतून दुसऱ्यांदा लिहायला पहिल्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो.

विकतच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरबद्दल आपल्या सहकाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण आपल्या बाबतीत मी ते घ्या असे सांगणार नाही. अशी साधने डिस्कवर एकदा लिहिल्या गेलेल्या आणि नंतर पुसल्या गेलेल्या फाइलचे अवशेष शोधतात. फाइल पुसली म्हणजे बहुधा तिची नोंद पुसली जाते आणि जुन्या पद्धतीच्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर मजकूर त्याच जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहतो. फिरते भाग नसलेल्या, एसएसडी प्रकारच्या डिस्कवर मात्र कार्यप्रणाली ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेने ही जागा आता रिकामी समजावी असे डिस्कला कळवते आणि डिस्क ती आपल्या सवडीने खरोखरच मोकळी करते. त्यानंतर कोणतेही साधन काही करू शकत नाही. शेवटच्या रिकव्हरी प्रतीनंतर जे टंकले गेले ते तर डिस्कवर कधी पोहोचलेच नव्हते, आणि जे लिहिलेच गेले नाही ते शोधून मिळत नाही. तरीही एखाद्याला प्रयत्न करायचाच असेल, तर ते साधन त्याच डिस्कवर बसवू नये, कारण हरवलेल्या मजकुरावर पहिला घाव त्या बसवण्यानेच बसू शकतो.

आपल्यावर आली नाही, पण बऱ्याच वाचकांवर येते अशी एक अडचण म्हणजे प्रोग्रॅम कोसळल्यावर फाइल जागेवर असते आणि उघडत मात्र नाही. अशा वेळी आधी तिची एक प्रत करून घ्यावी आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. वर्ड आणि एक्सेलमध्ये फाइल उघडण्याच्या खिडकीत ‘ओपन’ या बटणाशेजारच्या बाणाखाली ‘ओपन अँड रिपेअर’ असा पर्याय दडलेला आहे. त्यानेही जमले नाही, तर हे लक्षात घ्यावे की २००७ पासून वर्डचे नेहमीचे रूप असलेली डॉकएक्स फाइल ही प्रत्यक्षात एक झिप फाइल, म्हणजे अनेक फाइल एकत्र बांधलेले गाठोडे, असते. प्रतीच्या नावाच्या शेवटची अक्षरे बदलून ‘झिप’ केली आणि ती उघडली, तर आतल्या ‘वर्ड’ फोल्डरमधील ‘डॉक्युमेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर आणि ‘मीडिया’ फोल्डरमध्ये चित्रे सापडतात. लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलचेही असेच आहे, तिथे मजकूर ‘कंटेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये असतो. अक्षरांची सजावट जाते, मजकूर मात्र हाती येतो.

प्रोग्रॅम बदलावा का, या प्रश्नाचे उत्तर मी थोडक्यात देते. एकदा कोसळला म्हणून बदलू नये. सर्व प्रोग्रॅम कधी ना कधी कोसळतात आणि नव्या प्रोग्रॅममध्ये आपल्या सवयी जुन्याच राहतात. तेच ते पुन्हा घडत असेल तर मात्र कारण शोधावे. एखाद्याच विशिष्ट फाइलवर घडत असेल तर दोष त्या फाइलमध्ये असण्याचा संभव असतो. कोणत्याही फाइलवर घडत असेल तर बाहेरून जोडलेल्या ॲड-इन अथवा एक्स्टेन्शनवर संशय घ्यावा. कंट्रोलची कळ दाबून धरून वर्ड सुरू केले, किंवा लिबरऑफिसमध्ये ‘हेल्प’ यादीतून सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू केले, तर या जोडण्यांशिवाय प्रोग्रॅम चालवून पाहता येतो. तो तसा नीट चालला तर अर्धे निदान तिथेच झाले.

पुढच्या वेळेसाठी आपल्याला बदलायच्या गोष्टी मी मुद्दाम थोड्याच सांगते, कारण लांब यादी कुणी पाळत नाही. ऑटोरिकव्हरचे अंतर १० मिनिटांवरून ३ मिनिटांवर आणावे. फार मोठ्या फाइलवर काम करताना प्रोग्रॅम क्षणभर अडखळेल, ते सोसावे. दोन्ही प्रोग्रॅममध्ये सेव्ह करताना आधीची प्रत बाजूला ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करावा, मात्र ती प्रत आधीच्या सेव्हची असते आणि सेव्ह न केलेला मजकूर तिच्यात नसतो, हे विसरू नये. पेन ड्राइव्हवरची फाइल थेट उघडून काम करण्यापेक्षा ती आधी संगणकावर उतरवून घ्यावी. आणि आपल्या प्रसंगातून मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, की नवी फाइल उघडली की पहिले अक्षर टंकण्याआधी तिला नाव देऊन सेव्ह करावे. आपल्या नोंदींना ‘चर्चा’ एवढे जरी नाव असते, तरी त्या यादीत आपण ती ओळ काढून टाकली नसती.

आता वरिष्ठांचा प्रश्न, जो आपण पत्राच्या शेवटी विचारला आहे, पण मला वाटते तोच आपल्याला सर्वाधिक टोचतो आहे. ‘सांगितले तर मी निष्काळजी ठरेन’ असे आपण गृहीत धरले आहे. हे गृहीतक तपासून पाहू. वरिष्ठांना आपल्याकडून हवा आहे तो अहवाल आणि त्यातील मजकुराबद्दलची खात्री. प्रोग्रॅम कोसळला ही बातमी त्यांना आज कळली तर ते फार तर नाराज होतील. ती त्यांना अहवाल सादर करण्याच्या आदल्या दिवशी कळली, किंवा चर्चेतील एखादे विधान आठवणीने चुकीचे लिहिले गेल्याचे नंतर उघड झाले, तर मात्र प्रश्न आपल्या विश्वासार्हतेचा होईल. गुपचूप जागून लिहिण्यात मला दिसणारा खरा धोका हाच आहे. थकलेल्या मनाने दुसऱ्यांच्या तोंडची वाक्ये पुन्हा रचताना आपण नकळत त्यांत स्वतःची वाक्ये मिसळतो, आणि न सांगता हे काम करत असल्याने कुणाला विचारून खात्रीही करून घेता येत नाही. सांगितले की ती वाट मोकळी होते.

सांगताना माफीने सुरुवात करून लांब खुलासा देऊ नये. काय गेले, काय हाती आहे आणि किती दिवस लागतील, एवढे तीन वाक्यांत सांगावे. उदाहरणार्थ, ‘प्रोग्रॅम बंद पडल्याने चर्चांच्या नोंदींची फाइल गेली आहे. मुख्य अहवाल आणि तक्ता सुरक्षित असून आठवणाऱ्या मुद्द्यांचे टिपण मी त्याच दिवशी करून ठेवले आहे. संबंधितांकडून ते तपासून घेऊन नोंदी पुन्हा तयार करण्यास दोन दिवस लागतील.’ यात लपवलेले काही नाही आणि स्वतःला कमी लेखणारेही काही नाही. वरिष्ठ रागावलेच, तर तो राग या दोन दिवसांपुरता असेल.

त्या टिपणाचे आता काय करायचे, तेही सांगते. ज्यांच्याशी चर्चा झाली त्या प्रत्येकाला त्याच्यापुरते मुद्दे पाठवा, हे असेच म्हणाला होता ना, आणि माझ्याकडून काही राहिले आहे का, असे विचारा. लोकांना आपले म्हणणे दुरुस्त करायला आवडते, आणि पहिल्या वेळी न सांगितलेला एखादा मुद्दाही ते या निमित्ताने सांगून जातात. येणारी उत्तरे ईमेलमध्येच पडू देऊ नका; ती ज्या फाइलमध्ये उतरवायची आहेत, ती आज नाव देऊन तयार करा आणि मगच पहिला ईमेल पाठवा.